भुरक्या रंगाची दोन पाखरं

"इथी सही करा," गुणवंतरावांनी कागद पुढे सरकवला. "अन् इथी. अन् मागच्या पानावर."

सुगंधाबाईने तिन्ही ठिकाणी नाव लिहिलं. तिचं नाव पुरं व्हायला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात एखादा माणूस गोंडपिपरीला जाऊन चहा पिऊन परत आला असता.

"का लिवलं आहे, वाचून सांगा जी."

फॉरेस्टर गुणवंतरावांनी घसा खाकरला. सरकारी कागद ते पोथीसारखा वाचत, पुढेमागे डुलत. "आरोपी बिरजू याच्या टोपल्यातून जप्त केलेल्या चाळीस पाखरांपैकी अडतीस जागीच सोडून दिली. नमुन्यादाखल ठेवलेली पाखरं दोन. वय लहान. रंग भुरका. जात मादी. दोन्ही जिवंत."

"मादी कशावरून जी?"

"नर असता तं काही थाट असता का नाई? कोंबडा पाहा. मोर पाहा. हे दोघंही धुळीत लोळल्यासारखे. मंग मादीच."

सुगंधाबाईने मान हलवली. तिला पटलं म्हणून नव्हे. माघापासून ती सगळ्यालाच मान हलवत होती.

बांबूच्या पिंजऱ्यात चिंचोक्याएवढ्या चोचींची दोन पाखरं एकमेकांना चिकटून बसली होती. बाकीची अडतीस भुर्रकन उडाली, तेव्हा या दोघांना उडताच आलं नव्हतं. पंखच पुरते भरले नव्हते. म्हणून सरकारच्या हाती लागली.

"हा मुद्देमाल आहे," गुणवंतराव म्हणाले. "कोर्टाची तारीख लागेपर्यंत तुमच्या ताब्यात. मेला नाई पायजे, उडाला नाई पायजे. लटारूच्या मागं सायेबानं तुम्हाले कामावर ठेवलं, खोली दिली. हे पाखरं इकडंतिकडं झाले, तं माह्या हातात काही राह्यणार नाई. कामही गेलं अन् खोलीही गेली."

"हो जी," सुगंधाबाई म्हणाली.

चिंचगुड्याचा नाका म्हणजे रस्त्यावर एक आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, बाजूला गार्डची खोपटी आणि मागे मातीची एक खोली. त्या खोलीत लटारू आणि सुगंधाबाईचा सव्वीस वर्षांचा संसार झाला. मूलबाळ नव्हतं. माघात लाकडाचा एक ट्रक थांबला नाही, बांबू तुटला, आणि तुटलेला बांबू लटारूच्या छातीत बसला. तिसऱ्या दिवशी नवा बांबू आला. पाचव्या दिवसापासून सुगंधाबाई तो वरखाली करू लागली. रडायचं मात्र राहून गेलं. एखादी गोधडी धुवायची राहते तसं. येणाऱ्या बाया म्हणायच्या, "रड वं माय, मोकळी होय." ती म्हणायची, "हो, रडतो ना." आणि पाण्याची घागर उचलायची. भाजीत मीठ पडलं की नाही, हे तिला जिभेवर कळेनासं झालं होतं. गार्ड तोंड वाकडं करून खायचा.

लटारू मात्र गप्पांचा राजा होता. साऱ्या तालुक्यात त्याच्यासारखा थापाड्या झाला नाही. एका डोहात एवढा जुना मरळ मासा आहे, की त्याच्या पाठीवर गवत उगवलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तिथे बकरी चरून गेली. एकदा नाक्यावर अस्वल आलं, पुढचे दोन पाय पोटावर धरून बांबूपाशी उभं राहिलं, आणि लटारूने बांबू वर केल्याशिवाय काही पुढे गेलं नाही. ट्रकवाले हे ऐकायला मुद्दाम थांबायचे.

त्या भागात गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्याला "हूं." हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. सुगंधाबाईने सव्वीस वर्षांत एकदाही हुंकारा दिला नाही. "खोटं," एवढंच म्हणायची आणि चुलीत फुंकायची. मग लटारू बारीक आवाज काढून तिच्या वाटचा "हूं" स्वतःच म्हणायचा आणि गोष्ट पुढे न्यायचा.

त्याच्या गोष्टींत पाखरांचीही एक होती. "एक पाखरू आहे. मिरचीसारखं पिकते. मृगात भुरकं, भादव्यात लाल भडक, अंगावर तांदूळ उधळल्यावानी ठिपके. अन् शिमग्याले पुन्हा भुरकं."

"खोटं," सुगंधाबाई म्हणाली होती. "मिरच्या झाडाले लागते. पाखराले नाई."

"तुह्या गळ्याची आण."

"माह्या गळ्याची कायले? आपल्या गळ्याची घे ना!"

मुद्देमालाला पहिल्या दिवशी तिने तांदळाची कणी घातली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कोदो घातला, तो त्यांना मोठा झाला. मग तिने राळे आणले. ते मात्र टिपायला लागली. वाटीच्या काठावर बसून दाणा सोलायची, टरफल थुंकायची. दिवसभर खोलीत टिक् टिक् असा आवाज. पाणी दिलं तर पिण्याआधी त्यात अंघोळ करायची. सुगंधाबाई सकाळी बांबू वर करायची, राळे घालायची, पाणी बदलायची, बांबू खाली करायची. तिच्या लेखी ते एकच काम होतं. नावं तिने ठेवली नाहीत. मुद्देमालाला नाव कसं ठेवायचं?

मृग लागला. छ्याऐंशी सालचा पाऊस असा पडला, की बेडकांनीसुद्धा झाडं धरली. लाकडाचे ट्रक बंद झाले. गार्ड डेपोवर गेला. पुढचा नाला भरला आणि नाक्यावर सुगंधाबाई, पिंजरा आणि आडवा बांबू एवढंच उरलं. सोडायला ट्रक नसले तरी ती बांबू सकाळी वर करायची आणि संध्याकाळी खाली. कोणी सांगितलं नव्हतं, की करू नको.

आषाढात एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाला एक अंडं दिसलं. करंजाच्या बीएवढं, पांढरंशुभ्र. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाखरं त्यांच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत होती. तिसरं अंडं टाकताना मादी दांडीवरच बसली होती, ते वरून पडलं आणि फुटलं. लहान पोरीचं बाळंतपण. कुठे टाकायचं, कसं बसायचं, काही ठाऊक नाही.

"माती करून राह्यली वं तू," सुगंधाबाई म्हणाली. दोनेक महिन्यांत मोठ्याने बोललेलं ते तिचं पहिलंच वाक्य असेल.

ती अंडी वाया गेली. मग तिने खुंटीकडे पाहिलं. तिथे लटारूचा तुंबा टांगलेला होता. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा, जंगलात पाणी न्यायचा. माघापासून तो रिकामाच होता. तिने तो उतरवला. तोंड चाकूने थोडं मोठं केलं, आत राळ्याचा पेंढा घातला आणि पिंजऱ्यात आडवा बांधला. हे करताना तिच्या मनात फार काही आलं नाही. घरात पोकळ वस्तू ती एकच होती.

पाखरं दोन दिवस तुंब्याला भ्याली. तिसऱ्या दिवशी एक जण आत डोकावला. पाचव्या दिवशी दोघंही चोचीत गवत धरून ये-जा करायला लागली. सुगंधाबाई रस्त्याकडेचं हिरवं, लांब गवत आणून पिंजऱ्यावर टाकायची. पाखरं गजांमधून एकेक काडी ओढून घ्यायची. कोंबडीची पिसंही नेली. एकदा तिच्या लुगड्याचा सुटलेला दोरा ओढला. तिने तोडून दिला.

आणि श्रावणात, एका दुपारी ऊन पडलं, तेव्हा तिला दिसलं की दोघांतल्या एकाच्या पोटाला काहीतरी लागलं आहे. तिला वाटलं, रक्त. तिने पिंजऱ्यात हात घालून पाखरू धरलं, ओल्या फडक्याने पुसलं. गेलं नाही. चार दिवसांत ते लाल छातीवर चढलं. आठ दिवसांत गळ्यावर. चोचसुद्धा लाल झाली. मग पंखांवर पांढरे ठिपके उमटले, कोणीतरी दुरून अक्षता टाकाव्या तसे. भादवा लागला तेव्हा पिंजऱ्यात एक भुरकी मादी होती आणि तिच्या शेजारी पिकलेली मिरची बसली होती.

सुगंधाबाई पिंजऱ्यासमोर पाटावर बसली. बराच वेळ बसली. चुलीवरची भाजी करपली तरी उठली नाही.

"ह्या तुंब्याचं पाणी प्यायचा ना माहा मालक, तो खरं सांगत होता," शेवटी ती लाल पाखराला म्हणाली. "मी खोटं म्हणत होतो."

तुंब्यात चार अंडी झाली. दोघं आळीपाळीने बसली. तेराव्या दिवशी तुंब्यातून चिलटासारखा आवाज यायला लागला. तिने वारुळं फोडून उधळी, म्हणजे वाळवी, आणली, राळे भिजवून ठेवले. एक अंडं वाया गेलं, तीन पिल्लं निघाली. बाहेर आली तेव्हा तिघंही भुरकी, चोची काळ्या. दांडीवर पाच जण ओळीने बसू लागले.

दसऱ्याआधी नाला उतरला आणि गुणवंतरावांचा माणूस कागद घेऊन आला. तारीख लागली होती.

सुगंधाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं, पिंजऱ्यावर लटारूचा दुपट्टा टाकला आणि एसटीत चढली. कंडक्टरने दुपट्टा उचलून पाहिला.

"कोंबड्या चालते मावशी. हे का आहे?"

"सरकारचा मुद्देमाल आहे."

"अरे बापा! मंग खिडकीजवळ बसवा त्याईले. हवा लागू द्या."

कोर्टात पंख्याखाली पिंजरा ठेवला आणि दुपट्टा काढला. गुणवंतरावांनी पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पिंजऱ्याकडे, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा पिंजऱ्याकडे. आरोपी बिरजू कोपऱ्यात उभा होता. अंगात कुणाचातरी मोठा सदरा, बाह्या दुमडलेल्या. त्याने पाखराकडे पाहिलं, आणि एक क्षण त्याच्या ओठांच्या कडा वर गेल्या. मग त्याने मान खाली घातली.

बिरजूचा वकील तरुण होता. त्याने पंचनामा मागून घेतला आणि सावकाश वाचला. "पाखरं दोन. रंग भुरका. जात मादी. साहेब, पिंजऱ्यात पाच आहेत. एक लाल आहे. आणि दोन माद्यांनी मिळून तीन पिल्लं काढली आहेत. असा चमत्कार जंगल खात्यातच होत असेल."

कोर्टात हशा झाला. पट्टेवालाही हसला.

न्यायाधीश साहेबांनी चष्मा पुसला. "फॉरेस्टर, ही तीच पाखरं आहेत का?"

गुणवंतराव उभे राहिले. "साहेब, मी लिहिलं ते पाहून लिहिलं. दोन्ही भुरक्याच होत्या. नंतर पाखरं बाईच्या ताब्यात होती. ताब्यात असताना काय झालं, ते मले नाई सांगता येत."

मग सुगंधाबाईला पुढे बोलावलं.

"बाई, पाखरं बदलली का तुम्ही?"

"नाई जी. तेच आहे."

"मग हे लाल कसं झालं?"

"पिकलं जी."

पुन्हा हशा. सुगंधाबाई हसणं संपेपर्यंत थांबली. ट्रक निघून जाईपर्यंत थांबतात तशी. "तो नर आहे. मृगात भुरका असते, भादव्यात लाल होते. शिमग्याले पुन्हा भुरका होईन. तवा पाहून घ्या."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माह्या मालकानं."

"त्यांना बोलवता येईल?"

"नाई जी. माघात गेले."

गुणवंतराव खाली बघत म्हणाले, "साहेब, तिचा नवरा भला माणूस होता. पण थापाड्या होता. अस्वल नाक्यावर हात जोडून उभं राहते, म्हणून सांगे. साऱ्या तालुक्याले माहीत आहे."

सुगंधाबाईने बिरजूकडे पाहिलं. जन्मभर पाखरं धरणारा माणूस. कोर्टात एवढी माणसं होती, पण ती काय म्हणते आहे हे कळणारा तो एकटाच होता. त्याने "हो" म्हटलं असतं तर पाखरं तीच ठरली असती, तिची खोली राहिली असती, आणि तो आत गेला असता.

"आरोपीला काही सांगायचं आहे?" साहेबांनी विचारलं.

बिरजूने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. "मले का मालूम जी? मी तं मोहा वेचणारा माणूस."

मुद्देमाल ओळखता येत नाही, म्हणून बिरजू सुटला.

बाहेर कडुनिंबाखाली गुणवंतराव बराच वेळ उभे होते. "मी का करू, सुगंधाबाई?" ते म्हणाले. "माहाच कागद खोटा आहे, असं म्हणू का भर कोर्टात? दोन वर्षं राह्यली नोकरीची." तिने मान हलवली. "वरतून आजच विचारतीन. पाखरं बदलले म्हणजे चोरीच होते ते. दिवाळीपर्यंत खोली खाली करा."

"अन् हे पाखरं?"

"हे केसमधले नाईत आता. सरकारचे नाईत. तुमचे तुम्ही पाहा."

एसटी स्टँडवर ती पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा बिरजू आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. हातात हिरव्या गवताची जुडी होती, दाण्यांनी भरलेली. ती त्याने मधे ठेवली.

"पिल्लाईले हे द्या. कवळा दाणा."

तिने जुडीतल्या दोन काड्या पिंजऱ्यात खोचल्या. पाचही जण धावले.

"मी बोललो असतो बाई," तो म्हणाला. "पण घरी..."

"पोट आहे ना तुले," सुगंधाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

"थंडी सरली का रंग उतरन त्याचा. घाबरू नोका. बिमार नसते तो."

"माहीत आहे मले."

"लटारूभाऊनं सांगतलं असन."

तिने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तुले कसं मालूम?"

"मीच दाखवलं होतं ना त्याले! नाल्याच्या गवतात. दहा वर्षं झाले. तीन खेपा घेऊन गेलो. मृगात, भादव्यात, अन् शिमग्याले. त्याचा इस्वास बसे ना! मले म्हणे, बिरज्या, तू माह्यापेक्षा मोठा थापाड्या आहेस."

चंद्रपूरची गाडी लागली आणि निघून गेली.

"अन् ते अस्वल?" तिने विचारलं.

"कोणतं?"

"नाक्यावरचं. बांबू वर होयेपर्यंत थांबलं होतं ते."

बिरजूने डोकं खाजवलं. "अस्वल आलं होतं. मी होतो ना तिथी. पण थांबलं नाई काही. खालूनच गेलं, बांबूच्या."

"मंग बांबू?"

"लटारूभाऊनं मंग वर केला. अस्वल गेल्यावर. म्हणे, आला होता तं मान ठेवला पायजे."

दिवाळीनंतर सुगंधाबाई भद्रावतीला बहिणीच्या पोरीकडे, इंदूकडे, गेली. इंदूचा नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीत होता. सुगंधाबाईला मागच्या पडवीत जागा मिळाली, कॉलनीतली तीन घरं मिळाली भांड्यांची. सकाळी उठायची तेव्हा हात सवयीने वर जायचा, बांबूचा दोर धरायला. मग खाली यायचा. पिंजरा पडवीच्या वाशाला टांगला होता, आत तुंबा. शेजारपाजारची पोरं लाल पाखरू पाहायला यायची. इंदू मिरवून दाखवायची.

थंडी सरली तसं लाल उतरायला लागलं. आधी डोक्यावरून. मग गळ्यावरून. तळाला रोज चार-दोन लाल पिसं पडलेली असत. सुगंधाबाई ती झाडून टाकायची. पिल्लं आईबापाएवढी झाली होती. शिमग्याच्या दिवशी संध्याकाळी इंदू रंगलेल्या तोंडाने पडवीत आली, आणि पिंजऱ्यापाशी थबकली. पाच भुरकी पाखरं ओळीने बसली होती. कोण बाप, कोण लेक, काही कळत नव्हतं.

"मावशी! लाल पाखरू कुठी गेलं वं?"

"तिथंच आहे. त्या पाचाईतला एक."

"बदलवून नेलं असन कोणीतरी."

"नाई वं. मृगात भुरका असते तो, भादव्यात लाल होते. शिमग्याले पुन्हा भुरका."

"खोटं," इंदू म्हणाली, आणि हसत हात धुवायला गेली.

सुगंधाबाईने वाटीतली टरफलं फुंकून उडवली. नवे राळे घातले. पाचांपैकी एक उडून तुंब्याच्या तोंडाशी बसलं आणि तिच्याकडे मान वाकडी करून बघायला लागलं.

"हूं," सुगंधाबाई म्हणाली.

मग थोडा वेळ तशीच उभी राहिली, पुढचं ऐकायला थांबतात तशी.